भाकरी सव्वातीन, तेलाची पळी साडेतीन

नागपूरहून तुळजापूरला जाणारा महामार्ग वर्धा, यवतमाळ, आर्णी, महागाव करत उमरखेडला येतो. पुढे पैनगंगेचा पूल लागतो, विदर्भ संपतो आणि मराठवाडा सुरू होतो. मग हदगाव, अर्धापूर, नांदेड, लातूर. वजन कमी करण्याची म्हणून महाराष्ट्रात जी सर्वांत मोठी लाट आली, तिची दोन्ही टोके याच रस्त्यावर आहेत. एका टोकाला नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार, दुसऱ्या टोकाला तेव्हा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित. उमरखेड जवळपास मधोमध. त्यामुळे ‘दोनदा जेवा, पंचावन्न मिनिटांत आटपा’ हे सूत्र इथे पोहोचायला पुण्या-मुंबईची वाट बघावी लागली नाही.

पण हा लेख त्या सूत्रावर नाही. निदान सुरुवातीला नाही. जगात गेली पंचवीस-तीस वर्षे आणखी एक हिशेब चालतो. त्यात घड्याळ नसते, आकडे असतात. प्रत्येक पदार्थाला काही पॉइंट, प्रत्येक माणसाला दिवसाचे ठरावीक पॉइंट, आणि तेवढ्यात भागवायचे. अमेरिकेतल्या ‘वेट वॉचर्स’ कंपनीने ही पद्धत रुजवली. मोबाईलवरच्या ॲपमधून तिच्या नकला आता आपल्याकडेही येतात, कधी ‘स्कोअर’ म्हणून, कधी हिरव्या-लाल रंगांच्या रूपात. तो हिशेब उमरखेडच्या ताटावर मांडला तर काय निघते, हे मला बघायचे होते. बरेच कामाचे निघाले. थोडे हसू येण्यासारखेही.

आधी अमेरिकेतली गोष्ट. 1961 साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जीन निडेच नावाची एक गृहिणी राहत होती. वजन 214 पौंड, म्हणजे 97 किलो. बिस्किटांचे पुडे न्हाणीघरात मळक्या कपड्यांच्या टोपलीत लपवून खायची सवय. एक दिवस दुकानात ओळखीची बाई भेटली, ‘किती छान दिसतेस’ म्हणाली आणि पुढे विचारले, ‘दिवस कधी भरतायत?’ निडेच गरोदर नव्हती. ती शहराच्या आरोग्य खात्याच्या लठ्ठपणा-क्लिनिकमध्ये गेली. तिथे काय खायचे, काय टाळायचे याचा कागद मिळाला. पण बिस्किटांबद्दल खरे बोलायला कोणी मिळाले नाही. म्हणून तिने आपल्यासारख्याच सहा मैत्रिणींना घरी बोलावले. दर आठवड्याला जमायचे, वजन करायचे आणि चोरून काय खाल्ले ते एकमेकींना सांगायचे. वर्षभरात तिचे वजन 142 पौंडांवर, म्हणजे साडेचौसष्ट किलोच्या आत आले. 1963 मध्ये अल्बर्ट आणि फेलिस लिपर्ट या दांपत्याच्या साथीने त्या बैठकांची कंपनी झाली. 1978 मध्ये सॉसवाल्या हाइन्झने ती विकत घेतली.

या साऱ्या काळात पॉइंट नव्हतेच. अमेरिकेत ते 1997 साली आले. म्हणजे पहिली चौतीस वर्षे ही कंपनी बैठक आणि काटा यांच्यावरच चालली. नंतर जो तो पॉइंटबद्दल बोलू लागला आणि बैठक मागे पडली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

पॉइंट आले ते कॅलरीचा कंटाळा घालवायला. अन्नातून किती ऊर्जा मिळते ते मोजायची रीत अमेरिकेतल्या विल्बर ॲटवॉटर या रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवली. माणसाला एका बंद खोलीत ठेवून त्याच्या अंगातून निघणारी उष्णता तो मोजत असे. एक ग्रॅम प्रथिनाच्या चार कॅलरी, पिष्टाच्या चार, चरबीच्या नऊ, हे आकडे पाकिटांवर आजही छापले जातात ते त्याच्याच कामातून आलेले. पुढे 1918 साली लुलू हंट पीटर्स या डॉक्टरबाईंनी वजन घटवण्यासाठी कॅलरी मोजण्याचे पुस्तक लिहिले आणि ते तुफान खपले. पण दिवसाला 1,640, 1,875 असले आकडे मनात बेरजेला धरून जगणे अवघड. वेट वॉचर्सने ते लहान केले. 1997 चे मूळ सूत्र असे: कॅलरीला 50 ने भागा, त्यात चरबीचे ग्रॅम 12 ने भागून मिळवा, आणि तंतूचे (चारच ग्रॅम धरायचे, जास्त असले तरी) ग्रॅम 5 ने भागून वजा करा. चरबीला दंड, चोथ्याला सूट. वजनाप्रमाणे माणसाला दिवसाचे साधारण वीस ते तीस पॉइंट मिळत.

सूत्र हाती आल्यावर ताट मांडायला काय हरकत आहे? आपल्या धान्यांचे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने कधीच काढून ठेवले आहेत. 1971 साली डॉ. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी तयार केलेली तक्ते-पुस्तिका कित्येक वर्षे आहारशास्त्राच्या विद्यार्थ्यांची पोथी होती. 2017 मध्ये 528 अन्नपदार्थांचे नवे तक्ते निघाले. त्यांच्या आधारे मी हा हिशेब केला. घरोघरची भाकरी आणि पळी सारखी नसते, तेव्हा आकडे अंदाजाचे समजावेत.

ज्वारीची एक भाकरी साठ ग्रॅम पिठाची धरली, तर तिच्या कॅलरी दोनशे, चरबी जेमतेम एक ग्रॅम आणि तंतू सहा ग्रॅम. पॉइंट होतात सव्वातीन. वाटीभर तुरीचे वरण, वरून फोडणी न घातलेले, दीड. वांग्याच्या भाजीतले वांगे जवळजवळ फुकट, कारण त्याच्या थोड्याशा कॅलरी तंतूच्या सुटीतच फिटतात. पण त्या भाजीत एका माणसाच्या वाट्याला मोठा चमचाभर, म्हणजे तेरा-चौदा ग्रॅम तेल आले, तर त्या तेलाचे साडेतीन. एका भाकरीपेक्षा जास्त! आणि मोठा चमचा म्हणजे काही फार तेल नव्हे. पोह्यावर तर्री ओतताना दुकानदाराचा हात तिथेच थांबतो, असे कोणी छातीठोक सांगणार नाही.

शेंगदाण्याच्या ठेच्याचे सव्वा पॉइंट आणखी धरा. दोन भाकरी, वरण, वांगे, ठेचा अशा भरल्या जेवणाचे तेरा पॉइंट होतात. यात भाकरीचा वाटा निम्माच. वजन वाढले की आपण पहिली कुऱ्हाड भाकरीवर घालतो. ‘एकच वाढ, डाएट चालू आहे,’ असे म्हणत भाजीचा रस्सा मात्र दुसऱ्यांदा घेतो.

चहाचे पाहा. पन्नास मिलिलिटर म्हशीचे दूध आणि दोन चमचे साखर घातलेल्या कपाचे दोनाच्या वर जातात. दिवसात चार कप झाले तर नऊच्या आसपास, म्हणजे पावणेतीन भाकरी. कट चहा असेल तर निम्मे धरा. पण कट चहा पिणारा चारांवर थांबत नाही, हेही तितकेच खरे. बाजारात, तहसीलच्या आवारात, कृषी केंद्राच्या बाकावर जो चहा होतो तो ‘खाणे’ या सदरात कोणीच धरत नाही. मूठभर भाजलेले शेंगदाणे चार. बेसनाचा लाडू, चाळीस ग्रॅमचा, साडेचार; दिवाळी अंक वाचता वाचता किती झाले ते वाचकाने स्वतःच बघावे.

आणि एकादशी. बशीभर साबुदाण्याची खिचडी, पन्नास ग्रॅम साबुदाणा, वीस ग्रॅम कूट आणि दहा ग्रॅम तूप धरले तर नऊ पॉइंट होतात. दोन भाकऱ्या आणि वरण खाल्ले असते तर आठ झाले असते. उपवास देवासाठी आहे तोवर माझी काही तक्रार नाही. वजनासाठी केलेला असेल, तर तो भाकरी-वरणापेक्षा महाग पडतो.

एवढे या हिशेबाचे खरे देणे. तो ताटातला चोर दाखवतो. कॅलरी मोजूनही तो दिसला असता. पण ‘एक भाकरी बरोबर एक चमचा तेल’ हे जितके चटकन डोक्यात बसते तितके ‘120 किलोकॅलरी’ बसत नाही.

मात्र सूत्रात भोके होती. मध्यम केळ्याचे दोन पॉइंट भरत आणि शंभर कॅलरीच्या बिस्किटपुड्याचेही दोनच. कागदावर दोन्ही सारखे. माणूस साहजिकच बिस्किटाकडे वळला आणि अन्नकंपन्यांनी नेमके शंभर कॅलरीचे पुडे काढले. पैनगंगेपलीकडे अर्धापूरची केळी पिकतात. तिथल्या बागायतदाराला हे समीकरण सांगून बघा! 2010 साली कंपनीने सूत्र बदलले: कॅलरीऐवजी प्रथिने, पिष्ट, चरबी आणि तंतू यांची वेगवेगळी गणना, आणि फळांना शून्य. 2015 च्या अखेरीस पुन्हा बदल: साखर आणि संपृक्त चरबी यांना जास्त दंड, प्रथिनांना सूट. 2017 च्या अखेरीस आणखी एक: दोनशेहून अधिक पदार्थ शून्याच्या यादीत, त्यात अंडी, कोंबडीचे छातीचे मांस आणि डाळी-कडधान्ये. म्हणजे आपले दीड पॉइंटाचे वरण एका रात्रीत फुकट झाले. तुरीत काहीच बदल झाला नव्हता.

या बदलांमागे शास्त्र होते, हे मान्य. प्रथिने आणि चोथा पोट धरून ठेवतात, साखर धरत नाही, हे सूत्रात यायलाच हवे होते. पण धंदाही होता. दर काही वर्षांनी नवी पद्धत आली की जुना सभासद परत येतो. ज्याचे वजन कायमचे उतरले तो वर्गणी थांबवतो. ज्याचे उतरून पुन्हा चढले तो पुन्हा भरतो. असा धंदा चालवणाऱ्याला हे ठाऊक नसेल असे समजणे भाबडेपणा आहे. ऑक्टोबर 2015 मध्ये अमेरिकी टीव्ही निवेदिका ओप्रा विन्फ्रेने कंपनीचे दहा टक्के भाग घेतले, 2018 मध्ये नाव आखडून दोन अक्षरांवर आणले. मग बाजारात भूक मारणारी इंजेक्शने आली. 2023 मध्ये कंपनीने ती औषधे ऑनलाइन लिहून देणारी एक कंपनीच विकत घेतली, त्याच वर्षाच्या अखेरीस ओप्राने आपणही औषध घेतो असे सांगितले, आणि मे 2025 मध्ये सुमारे 115 कोटी डॉलरचे कर्ज उतरवण्यासाठी कंपनीने दिवाळखोरी कायद्याचा आसरा घेतला. त्याच वर्षी मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही तसलीच इंजेक्शने भारतात आली. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आता उमरखेडकडे परत. हा पॉइंटांचा हिशेब इथल्या घरात रोज चालेल का? मला वाटते, नाही. आणि त्याचे कारण गणितात नाही.

पहिली अडचण एका भांड्याची. ही पद्धत ज्या देशात जन्मली तिथे प्रत्येकाची बशी वेगळी आणि निम्मे अन्न पाकिटातले, मागे आकडे छापलेले. आपल्याकडे कढईत सहा जणांची भाजी असते. तेल ओतणारी पळी एकीच्या हातात आणि वजन दुसऱ्याचे वाढलेले. खाणारा पॉइंट मोजू म्हणाला, तरी मोजायचे काम स्वयंपाक करणारीच्याच गळ्यात पडते. पिठाचे वजन करा, तेल मोजा, ‘ह्यांचं’ वेगळे काढा. घरातल्या पुरुषाच्या डाएटचा ताप बहुतेक वेळा बाईला होतो, आणि तिचे स्वतःचे वजन, तिची साखर, तिचा रक्तक्षय कोणी विचारत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांत रक्त कमी आढळले. अशा घरात बाईने स्वतःवर पॉइंटची कात्री चालवली तर पहिले काय कमी होईल? शेवटी उरलेल्या तिच्या ताटातले वरण.

दुसरी अडचण पंगतीची. ‘अजून अर्धी घ्या ना, तुम्ही तर काहीच खाल्लं नाही,’ या वाक्याला पॉइंटच्या पुस्तकात उत्तर नाही. रोडगे, वरण, वांग्याची भाजी असा बेत शेतात असेल तर रोडग्यावर तूप ओतणारा पाहुण्याच्या ‘पुरे’ला नकारच समजतो. तिथे ‘माझे आजचे सहाच शिल्लक आहेत’ असे सांगणाऱ्याला लोक आजारी समजतील.

तिसरी अडचण मला सर्वांत मोठी वाटते. एकच तालुका, पण शरीरे दोन जगांतली. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला 2,110 किलोकॅलरी पुरतात. जड अंगमेहनत करणाऱ्याला 3,470 लागतात. बायकांत हाच फरक 1,660 आणि 2,720 असा आहे. पोफाळीच्या वसंत साखर कारखान्याच्या पट्ट्यात ऊस तोडणारा मजूर आणि उमरखेडच्या पेठेत गादीवर बसणारा व्यापारी यांच्यात साडेतेराशे किलोकॅलरींचे अंतर आहे, म्हणजे पावणेसात भाकऱ्यांचे. गंमत अशी, की लहानपणी दोघांचे ताट बहुधा एकच होते. शेतकऱ्याच्या मुलाला नोकरी लागली, मोटारसायकल आली, नांगर जाऊन ट्रॅक्टर आला. भूक मात्र बापाची राहिली. इथला लठ्ठपणा खादाडपणातून आलेला नाही. काम गेले आणि जेवण तेवढेच राहिले.

त्याच तालुक्यात पैनगंगा अभयारण्याच्या कडेने ‘बंदी भाग’ म्हणतात त्या पट्ट्यातली गावे आहेत. तिथल्या अनेक घरांत प्रश्न वजन उतरवण्याचा नाही, चढवण्याचा आहे. 2019-21 च्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या सुमारे एकवीस टक्के बायका उंचीच्या मानाने कमी वजनाच्या आणि सुमारे तेवीस टक्के जादा वजनाच्या निघाल्या. दोन्ही आकडे जवळपास सारखे. राज्यात एकच आहारमोहीम काढणाऱ्यांनी हे दोन आकडे भिंतीवर टांगावेत.

वजनाच्या काट्याबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती अस्सल महाराष्ट्रातली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यक नियतकालिकात आला. दोघेही शिडशिडीत. उंची-वजनाचा निर्देशांक, ज्याला आपण बीएमआय म्हणतो, दोघांचा अगदी सारखा: 22.3. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2. तीच उंची-वजनाची गोळाबेरीज, चरबी दुपटीहून जास्त! पुण्याजवळच्या खेड्यांत 1993 पासून गरोदर बायकांचा जो अभ्यास याज्ञिकांनी चालवला, त्यात नवजात बाळांतही हेच दिसले: वजनाला हलकी, स्नायू कमी, पण चरबी मात्र तेवढी कमी नाही. म्हणजे किडकिडीत दिसणारा मराठी माणूस आतून लठ्ठ असू शकतो. म्हणून भारतीयांसाठी बीएमआयची धोक्याची रेघ पंचवीसवरून तेवीसवर आणली गेली आणि पोटाचा घेर पुरुषांत 90, बायकांत 80 सेंटिमीटरच्या आत असावा असे ठरले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह अभ्यासाचे जे निष्कर्ष 2023 साली आले, त्यांत सर्वसाधारण लठ्ठपणा 28.6 टक्के प्रौढांत, पण पोटाचा लठ्ठपणा 39.5 टक्क्यांत आढळला. या दोन आकड्यांमधली माणसे काट्यावर पास होतात आणि टेपवर नापास. पॉइंटची सारी इमारत काट्यावर उभी आहे.

याच जमिनीत जिचकार-दीक्षितांचे सूत्र रुजले. जिचकार हे काटोलकडचे. ढीगभर पदव्या, 1980 साली अगदी तरुणपणी आमदारकी, 2 जून 2004 रोजी कोंढाळीजवळच्या अपघातात अकाली अंत. दर खाण्याबरोबर इन्सुलिन सुटते, ते रक्तात सतत राहिले तर चरबी साठते, म्हणून खाण्याच्या वेळा कमी करा, असे ते व्याख्यानातून सांगत. दीक्षितांनी ते स्वतःवर करून पाहिले, त्याला शिस्त दिली आणि ‘विनासायास वेटलॉस व मधुमेह प्रतिबंध’ या पुस्तकातून, सभांतून आणि व्हॉट्सॲपच्या गटांतून घराघरात नेले. कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखा, तेव्हाच जेवा, पंचावन्न मिनिटांत संपवा, मध्ये पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा एवढेच. आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाने त्यांना लठ्ठपणाविरोधी मोहिमेचा चेहरा केले. दुसऱ्या बाजूला मुंबईच्या ऋजुता दिवेकर दर दोन तासांनी थोडे थोडे खा, तूप-भात सोडू नका, असे सांगत होत्या. काही वर्षे मराठी घरांत ‘तुम्ही दीक्षित की दिवेकर?’ असा पक्षभेदच पडला.

उमरखेडसारख्या गावात दीक्षित जिंकले ते इन्सुलिनमुळे, असे मला वाटत नाही. त्यांचा हिशेब दोनपर्यंतच होता म्हणून जिंकले. तराजू नको, ॲप नको, वेगळी भाजी नको, पैसा नको. घरच्या बाईला जादा काम नाही. उलट चहा-नाश्त्याचे कमी. आणि ‘माझं दीक्षित चालू आहे’ हे पंगतीत सांगता येते, कारण ते व्रतासारखे ऐकू येते आणि व्रताचा आग्रहकर्त्यालाही धाक असतो.

शास्त्राच्या बाजूने मात्र जपून बोलावे. 2022 साली चीनमधल्या ग्वांगझू इथे 139 लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर प्रयोग झाला. सर्वांना कॅलरी सारख्याच कमी दिल्या. निम्म्यांना त्या दिवसातल्या आठ तासांच्या आतच खायच्या होत्या. वेळेचे बंधन असलेल्यांचे आठ किलो उतरले, नसलेल्यांचे सव्वासहा. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. म्हणजे वेळ बांधल्याने वजन उतरते ते मुख्यतः खाणे कमी होते म्हणून. दोन जेवणांत तर्रीचे दोन वाडगे रिचवणाऱ्याला घड्याळ वाचवणार नाही. आणि एक इशारा ठळकपणे: इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असलेल्यांनी, टाइप-एक मधुमेह असलेल्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण टाळू नये. साखर एकदम खाली गेली तर शेतात, रस्त्यावर जिवावर बेतू शकते.

मग पॉइंट, वेळा, दोन तास, यांत खरे कोण? बोस्टनमध्ये चार प्रसिद्ध आहारपद्धतींची तुलना झाली. वेट वॉचर्स त्यांतलीच एक. 160 माणसे, एक वर्ष; निष्कर्ष 2005 साली प्रसिद्ध झाले. चारही गटांत सरासरी दोन ते सव्वातीन किलोच उतरले. पद्धतीने फारसा फरक पडला नाही. ज्याने धरलेली पद्धत जितकी पाळली, तितके त्याचे वजन उतरले. वेट वॉचर्सची खास परीक्षा 2011 साली ‘लॅन्सेट’मध्ये आली: ब्रिटन, जर्मनी आणि ऑस्ट्रेलियातले 772 जण. ज्यांना बैठकांना पाठवले त्यांचे वर्षात सरासरी पाच किलो उतरले, डॉक्टरांच्या नेहमीच्या सल्ल्यावर राहिलेल्यांचे सव्वादोन. पाच किलो ऐकायला थोडे वाटतात, पण रक्तदाब आणि साखर यांना तेवढेही कळतात. दुसरी बाजूही सांगायला हवी. बैठकांच्या गटातलेही जवळजवळ चाळीस टक्के लोक वर्ष पुरे करू शकले नाहीत. 2008 च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात आठवड्यात सहा-सात दिवस खाणे लिहून ठेवणाऱ्यांचे वजन, न लिहिणाऱ्यांच्या दुप्पट उतरले. लाडू लिहावा लागणार म्हटले की हात डब्यावर थबकतो, एवढेच.

म्हणून माझा कौल असा. उमरखेडला पॉइंटचे पुस्तक नको. त्यातून दोन गोष्टी तेवढ्या उचलाव्यात. एक, तेलाचा हिशेब. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शनात दोन हजार किलोकॅलरीच्या दिवसाच्या ताटात तेल-तूप सत्तावीस ग्रॅम धरले आहे. चार मोठ्या माणसांच्या घराला महिन्याला सव्वातीन किलो झाले. पंधरा किलोचा डबा साडेचार महिने पुरायला हवा. पळी कोणी मोजू नये, ते जमणार नाही; डबा फोडला की झाकणावर तारीख लिहावी. भाजी ज्यांच्यासाठी होते त्या साऱ्यांचा हिशेब त्यात आपोआप येतो आणि स्वयंपाक करणारीला कोणापुढे उत्तर द्यावे लागत नाही.

दुसरी गोष्ट बैठक. ती आणायला अमेरिकेत जावे लागत नाही. उमेद आणि माविम या सरकारी यंत्रणांच्या बचत गटांमुळे गावोगावच्या बायका ठरल्या वारी जमतात, वही उघडतात, कोणी हप्ता भरला आणि कोणाचा राहिला हे सर्वांसमोर वाचतात. निडेचने क्वीन्समध्ये जे उभे केले ते याहून निराळे नव्हते. त्या वहीत एक रकाना वाढवा. शिंप्याकडची टेप वीस-पंचवीस रुपयांत येते. महिन्यातून एकदा पोटाचा घेर मोजून लिहा. ज्यांचा घेर 80 सेंटिमीटरच्या वर आहे त्यांनी साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. ज्या अगदीच हडकल्या आहेत त्यांनी हिमोग्लोबिन तपासावे. या तपासण्या सरकारी दवाखान्यात होतात. आणि पुरुषांनी? त्यांची बैठक रोज चहाच्या टपरीवर भरतेच. टेप तिथेही चालते, 90 सेंटिमीटरची खूण करून.